तोडू नका म्हणणारा आवाज

रायगडच्या किनारपट्टीवर जुने, सदाहरित वळणाचे जंगल आज कुठे उरले आहे, असे विचारले तर उत्तर दोन जागांपाशी येऊन थांबते. एक जागा मुरूड-रोह्याच्या डोंगरातले फणसाड. जंजिऱ्याच्या नवाबाचे ते शिकारीचे राखीव रान होते, आणि १९८६ मध्ये त्याचे अभयारण्य झाले. दुसरी जागा म्हणजे गावोगावच्या देवराया. सोमजाई, काळकाई, वाघजाई, भैरी अशा दैवतांच्या नावावर त्या पिढ्यान्‌पिढ्या उभ्या राहिल्या. एकीकडे राजाची हौस कामी आली, दुसरीकडे देवाचा धाक. मधले डोंगर मात्र कोळशासाठी, जळणासाठी, इमारती लाकडासाठी आणि भाताच्या राबासाठी उघडे होत गेले. अलीकडे फार्महाउसच्या प्लॉटसाठी होत आहेत.

जंगलासाठी धर्माने बोलावे का, हा प्रश्न इथे उभा राहण्याआधीच त्याचे उत्तर डोळ्यांसमोर आहे. धर्म बोलला म्हणूनच काही झाडे उभी आहेत. आज हा आवाज कोणाचा, किती स्पष्ट, आणि कोणाला उद्देशून आहे, हे पाहणे हा या प्रस्तावनेचा हेतू आहे.

देवराईचा नियम साधा असतो. इथले तोडायचे नाही. पुष्कळ ठिकाणी वाळलेली फांदीसुद्धा घरी नेत नाहीत, कोयता घेऊन आत जात नाहीत. गावाच्या एखाद्या कामासाठी झाड हवेच असेल तर गुरव देवाला कौल लावतो, आणि कौल मिळाला नाही तर विषय संपतो. या नियमाला कागद नव्हता, पहारेकरी नव्हता. तरीही आजूबाजूचा सगळा डोंगर बोडका झाला असताना एवढाच तुकडा आंबा, बेहडा, सातवीण, किंजळ, जांभूळ, उंबर यांनी गच्च भरलेला राहिला. आतली जमीन पानांच्या थराने मऊ आणि ओली असते. पावसाचे पाणी तिथे धावत सुटत नाही, मुरते. म्हणून पुष्कळ देवरायांच्या पायथ्याशी झरा किंवा ओढा असतो, आणि गावाची विहीर त्याच्याच जिवावर फेब्रुवारीनंतरही तग धरते.

हे ज्ञान शास्त्रज्ञांनी गावाला दिलेले नाही. गावाने शास्त्रज्ञांना दिले. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीत काम करणारे माधव गाडगीळ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक हे पश्चिम घाटातल्या देवरायांची नोंद करत फिरत होते. श्रीवर्धन तालुक्यातल्या गाणी या गावच्या लोकांनी त्यांच्याकडे धाव घेतली, कारण त्यांची देवराई तोडीसाठी हेरली गेली होती. गावकऱ्यांचे म्हणणे देवीच्या कोपापाशी थांबत नव्हते. ही राई गेली तर आमचा ओढा आटेल, हे त्यांनी स्वच्छ सांगितले. श्रद्धा आणि हिशोब या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असे शहरात बसून वाटते. गाणीच्या माणसांच्या मनात त्या एकाच वाक्यात नांदत होत्या. गाडगीळ आणि वर्तक यांचा पश्चिम घाटातल्या देवरायांवरचा शोधनिबंध १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि जगभरच्या निसर्ग-अभ्यासकांना कळले की सह्याद्रीत राखीव जंगलाची कल्पना सरकारी वनखात्यापेक्षा कितीतरी जुनी आहे.

अशा जंगलात काय टिकते याची कल्पना फणसाडच्या रानात येते. तिथे गारंबीचे वेल झाडांवरून झाडांवर चढत गेलेले आहेत. त्यांच्या शेंगा माणसाच्या हातापेक्षा लांब असतात. शेकरू तिथे अजून घरटी बांधते. उन्हाळ्यात बाकीचे ओढे कोरडे पडले तरी रानातल्या ‘गाणी’, म्हणजे पाण्याच्या जागा, जनावरांना जगवतात. हा किनारा मूळचा कसा होता याचा पुरावा एवढाच. तो एकदा गेला तर कुठल्याही रोपवाटिकेतून परत मिळणार नाही, कारण रोपवाटिकेत रोपे मिळतात, जंगल मिळत नाही.

आता आजच्या काळातल्या आवाजाकडे येऊ. रायगड जिल्ह्यात धर्माच्या अधिकाराने बोलणारा सर्वांत मोठा आवाज अलिबाग तालुक्यातल्या रेवदंड्याचा आहे. नानासाहेब धर्माधिकारी यांनी १९४३ मध्ये दासबोधाच्या निरूपणाच्या बैठका सुरू केल्या. २००८ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर त्यांचे पुत्र आप्पासाहेब यांनी ते काम पुढे नेले. या बैठकांनी कोकणातल्या आणि मुंबई-ठाण्यातल्या कष्टकरी घरांत व्यसनमुक्तीचे जे काम केले ते सर्वज्ञात आहे. त्याच बैठकांतून नंतर श्रीसदस्यांचे, म्हणजे बैठकीला येणाऱ्यांचे, हात झाडे लावायला, विहिरी-तळी उपसायला, रस्ते आणि स्मशाने झाडायला, गणेशविसर्जनाच्या वेळी निर्माल्य गोळा करून त्याचे खत करायला लागले. आप्पासाहेबांना २०१७ मध्ये पद्मश्री मिळाली, त्यामागे हे काम होते. त्यातली एक गोष्ट मला विशेष मोलाची वाटते. झाड लावून फोटो काढला आणि काम संपले, असे इथे मानत नाहीत. लावलेले झाड पुढे जगवायची जबाबदारी वाटून दिली जाते. ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी, मोबदला न मागता हजारो माणसे फावडी घेऊन उभी राहतात, हे सामर्थ्य महाराष्ट्रात फार थोड्या संस्थांकडे आहे.

ज्या ग्रंथावर या बैठका चालतात तो दासबोध याच जिल्ह्यात, महाड तालुक्यातल्या शिवथरघळीत लिहिला गेला अशी परंपरा आहे. धुळ्याचे शंकर श्रीकृष्ण देव यांनी १९३० मध्ये ती घळ शोधून काढली. बाजूला धबधबा, वर दाट झाडी, अशा जागी समर्थ रामदास बसले. झाडाझुडपांची नावेच नावे ज्यात आहेत असे ‘बागप्रकरण’ही त्यांनीच रचले. झाडे नावाने ओळखणारा संत ज्या संप्रदायाचा मूळपुरुष आहे, त्या संप्रदायाने झाडांसाठी बोलणे हे त्याच्या घरचेच काम आहे.

आणि तरीही इथे थांबून एक कठीण गोष्ट बोलायला हवी. लावा असे सांगणे सोपे आहे. ते ऐकून कोणी रागावत नाही. मंत्री, कारखानदार, बिल्डर सगळे खड्डा खणायला येतात आणि हार घालून घेतात. राज्य सरकारनेही २०१९ च्या पावसाळ्यात ३३ कोटी झाडांचा संकल्प केला होता. तोडू नका हे सांगणे अवघड आहे, कारण ते कोणाला तरी तोंडावर सांगावे लागते, आणि ते ऐकणारा बहुधा ताकदवान असतो. पुष्कळदा तो देणगीदार असतो. कधी कधी तो सांगणाऱ्याचाच भक्त असतो. देवराईतला देव हे अवघड वाक्य बोलत आला. आजच्या धर्मपुरुषांनी लावा हे वाक्य उचलले आहे आणि तोडू नका हे अजून पुरते उचललेले नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

याचा सर्वांत दुखरा दाखला जीर्णोद्धाराचा आहे. कोकणातल्या कितीतरी देवराया बाहेरच्या कुऱ्हाडीने पडल्या नाहीत, देवळाच्या बांधकामाने पडल्या. मुंबईत कामाला गेलेल्या चाकरमान्यांना गावच्या देवीसाठी काही करावेसे वाटते, आणि ती भावना निर्मळ असते. मग कौलारू देऊळ उतरवून सिमेंटचा सभामंडप उठतो. त्याला लागणारा पैसा उभा करायला राईतलीच मोठी झाडे विकली जातात. अंगणात फरशी बसते, गाडी वर यावी म्हणून रस्ता फोडला जातो, वळणावर उंबर आड येतो आणि जातो. उघड्यावर, झाडाखाली, शेंदूर लावलेल्या तांदळ्याच्या रूपात राहणाऱ्या देवीला छप्पर मिळते आणि तिचे घर जाते. गाडगीळांनीही आपल्या अभ्यासात असा बदल टिपला आहे. इथे वनखाते काही करू शकत नाही, पर्यावरणवाद्याला गावात कोणी विचारत नाही. इथे बोलू शकतो तो गुरव, तो मानकरी, तो कीर्तनकार, तो निरूपणकार. देवीला मंडप नको, तिला तिची राई हवी, हे वाक्य त्यांच्या तोंडून आले तरच गाव ऐकेल.

हे वाक्य उच्चारणारे धर्मपुरुष महाराष्ट्राने पाहिले आहेत. वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसई संरक्षण समितीच्या माध्यमातून बिल्डरांच्या आक्रमणाविरुद्ध, टँकरने उपसल्या जाणाऱ्या भूजलाविरुद्ध लढा उभा केला. वाड्या, बावखले नावाची तळी, केळीच्या बागा यांचा तो हिरवा पट्टा वाचवताना त्यांना धमक्या मिळाल्या, आणि आपल्या चर्चच्या भिंतींबाहेर येऊन त्यांनी सर्व धर्मांच्या शेतकऱ्यांना बरोबर घेतले. २०२० मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. २५ जुलै २०२४ रोजी त्यांचे निधन झाले. दुसरा दाखला वारकऱ्यांचा. २००८ मध्ये चाकणजवळ शिंदे-वासुली इथे डाऊ केमिकलच्या संशोधन केंद्राला गावकऱ्यांनी विरोध केला. देहू परिसरातले पाणी दूषित होईल या भीतीने बंडातात्या कराडकर यांच्यासह वारकरी त्या लढ्यात उतरले. त्या आंदोलनात जाळपोळही झाली, आणि तिचे समर्थन करता येणार नाही. पण एरवी टाळ-मृदंगात रमणारा समाज रसायनांच्या कंपनीसमोर उभा राहिला, आणि ते केंद्र अखेर तिथे झाले नाही, हेही खरे.

जगभर हाच प्रवास दिसतो. १९८६ च्या सप्टेंबरमध्ये इटलीतल्या असिसी या संत फ्रान्सिसच्या गावी बौद्ध, ख्रिस्ती, हिंदू, ज्यू आणि मुस्लिम प्रतिनिधी जमले आणि त्यांनी निसर्गाविषयी आपापल्या धर्माची भूमिका मांडली. हिंदू भूमिका डॉ. करण सिंग यांनी मांडली होती. थायलंडमध्ये ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपासून भिक्खूंनी झाडांना भगवी वस्त्रे गुंडाळून दीक्षा द्यायला सुरुवात केली, म्हणजे कुऱ्हाड उचलणाऱ्याला आधी भिक्खूवर हात उगारल्यासारखे वाटावे. २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांचे ‘लाउदातो सी’ हे परिपत्रक आले. २०१७ च्या जूनमध्ये ऑस्लो इथे वर्षावनांसाठी आंतरधर्मीय उपक्रम सुरू झाला. ब्राझील, कोलंबिया, पेरू, काँगो आणि इंडोनेशिया या देशांत त्याने काम धरले. आदिवासी नेत्यांना धर्मनेत्यांच्या मांडीला मांडी लावून बसवले, ही त्याची मोठी गोष्ट. या सगळ्या घोषणांची खरी किंमत मात्र एका नावाने कळते. डोरोथी स्टँग ही अमेरिकेत जन्मलेली कॅथलिक जोगीण ब्राझीलच्या पारा राज्यात छोट्या शेतकऱ्यांबरोबर राहून अमेझॉनची तोड अडवत होती. १२ फेब्रुवारी २००५ रोजी जमीनदारांच्या मारेकऱ्यांनी तिला गोळ्या घातल्या. ती ७३ वर्षांची होती. झाडे लावल्याबद्दल तिला कोणी मारले नसते.

रायगडच्या किनाऱ्याचे वैशिष्ट्य असे, की इथे हा आवाज एका धर्माचा असण्याचे कारणच नाही. कोळी समाज नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ अर्पण केल्याशिवाय होडी खोल पाण्यात घालत नसे. सरकारची मासेमारीबंदी १ जून ते ३१ जुलै अशी आहे; रीतीने पाळलेला संयम त्यापुढेही जात असे, आणि माशांना अंडी घालायला तेवढी सवड मिळत असे. शनिवार-तेली म्हणून ओळखले गेलेले बेने इस्राएल ज्यू नवगाव, अलिबाग, रेवदंडा या भागांत शतकानुशतके राहिले. अलिबागजवळच्या खंडाळ्याला एलियाहू हन्नाबी या प्रेषिताचे पाऊल लागले अशी त्यांची श्रद्धा आहे. त्याच्या नावाने मलिदा करण्याचा त्यांचा दिवस ज्यू पंचांगातल्या वृक्षांच्या नववर्षाच्या दिवशी येतो. श्रीवर्धन-म्हसळ्याच्या कोकणी मुसलमानांना पैगंबरांची ती शिकवण ठाऊक आहे, की लावलेल्या झाडाचे फळ पाखराने खाल्ले तरी लावणाऱ्याला दानाचे पुण्य मिळते. कोर्लईचे ख्रिस्ती, डोंगरातले कातकरी आणि ठाकर, त्यांचा वाघदेव आणि त्यांचे भगत, ही सगळी माणसे एकाच डोंगराचे पाणी पितात आणि त्याच्याच दरडीखाली राहतात. बैठकीत, शुक्रवारच्या खुतब्यात, रविवारच्या प्रवचनात आणि भगताच्या अंगणात एकाच महिन्यात एकच वाक्य उच्चारले गेले, तर त्याचा परिणाम कोणत्याही शासकीय परिपत्रकाहून मोठा होईल.

धर्माचा अधिकार निसर्गासाठी वापरताना एक सावधगिरी मात्र आपण कधीच सोडू नये. ती याच जिल्ह्याने देशाला शिकवली. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाडच्या चवदार तळ्यावर गेले आणि तिथले पाणी प्याले, कारण धर्माच्या नावाने माणसांना पाण्यापासून दूर ठेवले गेले होते. पावित्र्याचा तोच नियम झाड वाचवू शकतो आणि माणसाला बाहेरही काढू शकतो. काही राया आजही सगळ्यांना सारख्या खुल्या नाहीत. म्हणून ज्या धर्मपुरुषाला जंगलाच्या बाजूने बोलायचे आहे त्याने त्याच श्वासात सांगावे, की राई गावातल्या प्रत्येक माणसाची, प्रत्येक बाईची आहे, आणि तिचे पाणी कोणालाही नाकारले जाणार नाही. कुऱ्हाडीला बंदी असावी, माणसाला नसावी.

निसर्गाचा प्रश्न धर्माच्या बाहेरचा आहे, असे म्हणण्याची सोयही आता उरलेली नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन, मुरूड, अलिबागच्या नारळी-पोफळीच्या वाड्या एका दिवसात झोपवल्या. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातले तळिये दरडीखाली गेले, १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूरची इरशाळवाडी गेली. आणि १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या उघड्या मैदानावर आप्पासाहेबांना महाराष्ट्र भूषण पुरस्कार देण्याच्या शासकीय सोहळ्यात भर उन्हात बसलेल्या १४ श्रीसदस्यांचा उष्म्याने बळी गेला. ती माणसे आपल्या गुरूंच्या सन्मानासाठी आली होती. त्यांच्यातल्या कितीतरी जणांच्या हातांनी कुठे ना कुठे झाड लावले असेल. त्यांची आठवण मनात ठेवून बोलायचे, तर तापणारी हवा आता उंबऱ्यापाशी थांबलेली नाही, भक्तांच्या रांगेत येऊन बसली आहे.

कायद्याची साथ हळूहळू मिळू लागली आहे. १८ डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजस्थानातल्या देवरायांविषयी निर्णय देताना त्यांची मोजणी करून त्यांना वनाचा दर्जा देण्यास सांगितले, आणि देशभरातल्या देवरायांसाठी केंद्राने धोरण आखावे अशी शिफारस केली. जैवविविधता कायदा २००२ चा आहे. त्याखाली प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते, आणि लोक जैवविविधता नोंदवहीत आपली राई, तिच्यातली झाडे, तिचा झरा हे सगळे नोंदवता येते. पण नोंदवही गावाच्या इच्छेने भरते, आणि कोकणात गावाची इच्छा अजूनही देवाच्या अंगणात ठरते.

म्हणून माझी विनंती दोघांना आहे. कीर्तनकार, निरूपणकार, गुरव, मौलाना, फादर, भगत यांना विनंती ही, की झाडे लावायला जरूर सांगा, पण लावताना परदेशी अकेशिया, ग्लिरिसिडिया नको, आपल्या डोंगरातली किंजळ, बेहडा, जांभूळ लावायला सांगा. त्याहून आधी, उभे झाड तोडणाऱ्याला नाव न घेता का होईना, पण व्यासपीठावरून अडवा. राई तोडून बांधलेल्या मंडपाच्या उद्‌घाटनाला जाऊ नका. डोंगर फोडणाऱ्याची देणगी परत करा.

आणि वाचकांना विनंती ही, की तुमच्या गावच्या राईच्या चतुःसीमा तुम्हाला ठाऊक नसतील तर या सुट्टीत गावी गेल्यावर गुरवाबरोबर एकदा फिरून घ्या. सातबारावर ती कोणाच्या नावे आहे ते तलाठ्याकडे पाहा, आणि पुढच्या ग्रामसभेत तिची नोंद नोंदवहीत करून घ्या. जीर्णोद्धाराची वर्गणी मागायला कोणी आले तर पावती फाडण्याआधी एकच प्रश्न विचारा: यासाठी झाडे किती जाणार? उत्तर शून्य नसेल तर देवीच्या नावाने वर्गणी नाकारा. तो नकार हीच तिची सेवा आहे.